भाऊजींचा चौथा प्रश्न

आमच्या मागच्या अंगणात दोन दोऱ्या आहेत. उन्हातली माझी, सावलीतली भाऊजींची. माझ्या दोरीवर चादरी, त्यांच्या दोरीवर पट्टे. कमरेचे पट्टे नव्हेत. वाळूत किंवा चिखलात रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढायचे पट्टे: चार बोटं रुंद, तीस फूट लांब, दोन्ही टोकं दुमडून पक्का फास शिवलेले. गिऱ्हाईक रान फिरून आलं की पट्टा तपासायला भाऊजींकडे टाकून जातं. ते तो साध्या पाण्यात तीनदा खळबळतात, बोटांनी इंच इंच चाचपतात आणि सावलीत टाकतात. वाळूचा कण आत राहिला तर तो आतल्या आत धागे कापत बसतो आणि ऊन लागलं की पट्ट्याचा जीव जातो, असं त्यांचं म्हणणं. माणसांशी दिवसाकाठी जेवढं बोलत नाहीत तेवढं ते त्या पट्ट्यांशी पुटपुटतात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सत्तावन्नचे आहेत. लग्न केलं नाही. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान, दुकानामागे त्यांची खोली, आणि वरच्या मजल्यावर मी आणि आमचे हे. दुकानापुढे दोन वळणं गेली की डांबरी रस्ता संपतो. तिथून पुढे तळ्याकाठची दलदल, वाळूच्या टेकड्या आणि झाडी. कुणाला तिकडे कामासाठी जावं लागतं, कुणी हौसेने जातं, आणि दोघेही रुततात. म्हणून हे दुकान.

दुकानात पट्टे आहेत, जाड दोर आहेत, शॅकल आहेत (घोड्याच्या नालासारखी लोखंडी कडी, तोंडाशी आट्यांची पिन), आणि हिचचं सामान आहे. गाडीच्या मागे बंपरखाली चौकोनी नळी असते ती हिच. तिच्यात एक गोळा बसवला की मागे ट्रॉली नाहीतर बोट जोडता येते. भाऊजींकडे हिचच्या पिना मिळतात, कुलपं मिळतात, झाकणं मिळतात. गोळा तेवढा मिळत नाही. माणसं कपाळाला हात लावतात. "हिचचं दुकान आणि गोळा नाही? म्हणजे चहाचं दुकान आणि साखर नाही म्हणा की!" भाऊजी म्हणतात, "नाही ठेवत." एवढंच.

आणि पट्टा मागितला की लगेच देतील तर ते भाऊजी कसले. आधी चार प्रश्न. गाडी केवढी? भरून वजन किती होतं? रुतणार कशात, वाळूत की चिखलात? आणि चौथा, बांधणार कुठे? चौथ्याचं उत्तर ऐकून त्यांचं समाधान होत नाही. ते उठतात, बाहेर येतात, गाडीमागे उकिडवे बसतात आणि स्वतः खाली वाकून बघतात. गावात त्यांना हेडमास्तर म्हणतात. आमचे हे म्हणतात, "पट्टाच द्यायचाय ना त्याला, की मुलगी द्यायचीय?"

एकदा एक चांगले आडदांड गृहस्थ आले. मी काउंटरवर डबा ठेवत होते. गृहस्थ म्हणाले, "सगळ्यात जाड असेल तो पट्टा द्या. आपल्याला बारीकसारीक चालत नाही."

"गाडी केवढी?" भाऊजींनी विचारलं.

त्यांनी बाहेर बोट दाखवलं. लहानशी, दोन दारांची गाडी. गृहस्थ तिच्यात मावत कसे, हाच मला प्रश्न पडला.

भाऊजी म्हणाले, "हा पट्टा रबरासारखा ताणायला हवा. ताणला की जोर साठतो, आणि तो जोर रुतलेल्या गाडीला हळूच उचलून काढतो. तुमच्या गाडीला हा जाड पट्टा ताणणारच नाही. मग झटका कुणाला? गाडीच्या हाडांना. भरल्या गाडीच्या अडीच-तीन पट ताकदीचा पट्टा पुरे. हत्तीचं जाकीट मांजराला घालून ऊब येत नाही."

"आणि तो आकडेवाला? दोन्ही टोकांना आकडा असलेला? तो सोपा की."

"तो रस्त्यावर बंद पडलेली गाडी सावकाश न्यायला. तो ताणत नाही. आणि झटक्यात आकडा सुटला तर तो आधी कुणाच्या तरी तोंडावर जाऊन बसतो. आता सांगा, बांधणार कुठे?"

गृहस्थ वैतागून निघून गेले. भाऊजींनी माझा डबा उघडला, झाकण पुसलं आणि काउंटरमागे एकटेच जेवायला बसले. वर या म्हटलं तर येत नाहीत. "दुकान सोडून कसं येऊ, वहिनी," म्हणतात. दुपारी एक ते तीन त्या रस्त्यावर मांजरही फिरकत नाही.

मी रोज सकाळी प्रार्थना झाली की वहीत चार ओळी लिहिते. तीन ओळी काल काय घडलं त्याच्या, शेवटची मागण्याची. देवाकडे रोज नवं काही मागू नये, त्याला गोंधळल्यासारखं होत असेल, असं मला आपलं वाटतं. म्हणून चौदा वर्षं माझी शेवटची ओळ एकच आहे: उस्तादांनी भाऊजींशी एक वाक्य बोलावं.

उस्ताद म्हणजे भाऊजींचे भागीदार. दुकान दोघांनी मिळून काढलं होतं. भाऊजी शांत, उस्ताद बोलके. भाऊजी माल आणणार, उस्ताद तो गाडीला बसवून देणार. लोखंडाच्या कामात त्यांचा हात असा की सगळे उस्तादच म्हणायचे, आणि अक्षरही छापल्यासारखं. दुकानात भिंतभर लहान खण आहेत, त्यांवरच्या चिठ्ठ्या उस्तादांच्या हातच्या: 'पिना मोठ्या', 'पिना लहान', 'शॅकल पाऊण इंची', 'किरकोळ'. शाई उडत चालली की भाऊजी बारीक पेन घेऊन त्याच अक्षरांवरून पुन्हा गिरवतात. नवी चिठ्ठी लावत नाहीत. एक वेलांटी गिरवायला मी त्यांना पाच मिनिटं लावताना बघितलं आहे.

चौदा वर्षांपूर्वी एका भर दुपारी तळ्याकाठी कुणाची तरी गाडी रुतली म्हणून हे दोघे मदतीला गेले. भाऊजी आपल्या जीपमध्ये स्टिअरिंगवर. उस्ताद खाली उतरून पट्टा बांधायला. भाऊजींनी खिडकीतून मान काढून विचारलं, "बांधलं?" उस्ताद म्हणाले, "बांधलं! ओढ!" आणि रुतलेली गाडी ढकलायला तिच्या पुढच्या चाकाशी जाऊन उभे राहिले. भाऊजींनी जीप काढली. पट्टा ताणला, आणि जीपच्या मागचा गोळा दांड्यातून तुटला. पट्टा जीपच्या मागे गोळ्याला अडकवलेला होता. ट्रॉली निवांत ओढणं वेगळं आणि झटका सोसणं वेगळं. तेवढा झटका त्या गोळ्यासाठी नसतोच. ताणलेल्या पट्ट्याने तो गलोलीतल्या दगडासारखा मागे फेकला. उस्तादांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला.

भाऊजी म्हणतात, मी खाली उतरून बघायला हवं होतं. हे वाक्य त्यांनी मला एकदाच सांगितलं, पण चौथा प्रश्न विचारताना रोज तेच सांगत असतात.

इस्पितळात ते दोनदा भेटले. नंतर उस्तादांनी घर बदललं, पुलापलीकडे तळमजल्याची दोन खोल्यांची जागा घेतली आणि बसल्या बसल्या शिलाई मशीन दुरुस्त करायला लागले. पहिल्या वर्षी भाऊजी तीनदा त्या दाराशी जाऊन आले. आतून मशीन चालवून बघायचा आवाज येत होता. दार वाजवलं की आवाज थांबायचा, पण दार उघडायचं नाही. चौथ्यांदा भाऊजी गेले नाहीत. मीही माझी मशीन बिघडली तर लांबच्या बाजारात नेत असे. कुणी सांगितलं नव्हतं, पण भाऊजींना जिथे दार नाही तिथे मी काय तोंडाने जाणार?

माझी मशीनही याच धंद्यात आहे हे सांगायचं राहिलं. गाडी ओढताना ताणलेल्या पट्ट्याच्या मध्यावर काहीतरी जड टाकतात, म्हणजे चुकून तुटलाच तर तो हवेत न उडता खाली पडतो. घोंगडी टाका, ओला कोट टाका, काही चालतं. भाऊजींसाठी मी जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवते, दोन्ही बाजूंना खिसे असलेल्या. जिथे असाल तिथली वाळू त्यात भरायची आणि पट्ट्यावर पसरायची. प्रत्येक पिशवीची शेवटची शिवण घालताना देवाचं नाव घेते. भाऊजींना ते माहीत नाही. ते टाके मोजतात.

तर त्या गुरुवारी, मी दोन नव्या पिशव्या घेऊन खाली गेले तेव्हा काउंटरपाशी एक विशीतली मुलगी उभी होती. पायात मजबूत बूट, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं खणखणीत.

"काका, मला गाडी ओढायचा पट्टा हवाय. आणि सोबत जे काय लागतं ते."

भाऊजींनी मान वर केली. "गाडी केवढी?"

तिने सांगितलं. वजनही सांगितलं, भरल्यावरचं वेगळं सांगितलं. भाऊजींच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. तळ्यापलीकडे पाऊस आणि वारा मोजायची यंत्रं बसवली आहेत, ती तपासायची नोकरी तिला मिळाली होती. पुढच्या शनिवारी पहिल्यांदा जायचं होतं. गाडी जुनी घेतलेली.

"रुतणार कशात?"

"रुतावं असं काही ठरवलं नाहीये, काका." ती हसली. "पण चिखलच जास्त आहे म्हणतात."

"हं. बांधणार कुठे?"

"मागे गोळा आहे ना. आधीचा मालक बोट न्यायचा. चांगला दणकट आहे. त्याला."

भाऊजींचा हात काउंटरवर होता तो तिथेच राहिला. म्हणाले, "गोळ्याला बांधायचं नसतं, हे घरी कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? बाबांना सगळं कळतं म्हणतात, पण ते गाड्यांबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. पाय गेल्यापासून."

मी पिशव्या छातीशी धरून उभी होते. तिने डावी भुवई उंचावली होती, आणि तेव्हा मला ती भुवई ओळखू आली: उस्तादांची. भाऊजींनी ती माझ्या आधीच ओळखली असणार.

आता त्यांनी काय करायला हवं होतं? नीट पट्टा काढायचा, समजावून सांगायचं, गाडीमागे वाकून बघायचं. रोज अनोळखी माणसांसाठी करतात तेच. पण ते भलतंच बोलले. म्हणाले, "पट्टा नाही मिळणार. तू जाऊच नकोस तिकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊ नकोस. दुसरी नोकरी बघ."

मुलीचा चेहरा लाल झाला. "काका, मी पट्टा मागायला आले, सल्ला मागायला नाही. वडील आहेत मला." आणि ती गेली. तिच्या गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. भाऊजी बाहेर गेलेच नाहीत. गाडीमागे वाकून न बघता त्यांनी सोडलेली ती पहिलीच गाडी.

त्या दिवशी डबा तसाच परत आला. आमचे हे म्हणाले, "काय झालं? हेडमास्तर नापास झाले का कुठे?" मी सांगितलं तेव्हा ह्यांनी डबा माझ्या हातून घेतला आणि स्वतःच मोरीत ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी खाली गेले तर काउंटरवर सगळं मांडून ठेवलेलं. भाऊजींनी दुकान लवकर उघडलं होतं. त्यांनी मला एकेक दाखवलं, जणू मीच गिऱ्हाईक होते.

"हा पट्टा. तिच्या भरल्या गाडीच्या तिप्पट. ओला झाला की ताकद थोडी कमी होते, आणि तिकडे चिखल आहे, म्हणून पूर्ण तिप्पट धरली. हा ठोकळा: गोळा काढायचा आणि त्या चौकोनी नळीत हा घालायचा. पिन आरपार. मग ठोकळ्याच्या तोंडाला ही शॅकल. एक मागे, एक पुढच्या हुकासाठी. पिन पूर्ण आवळायची आणि पाव आटा मागे घ्यायची, नाहीतर ओढल्यावर अशी अडकून बसते की निघता निघत नाही. पट्ट्याला गाठ मारायची नाही. आणि तुमची पिशवी." त्यांनी पिशवी उलटी करून शिवण बघितली. "ही चांगली झालीय. हीच द्या."

"देऊ? मी?"

"मी पुलापर्यंत येतो."

आम्ही चालत गेलो. सगळं एका पोत्यात, पोतं त्यांच्या खांद्यावर, लोखंड दर पावलाला वाजत होतं. पूल संपला तिथे त्यांनी ते माझ्या हातात दिलं. जड होतं. ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि पाण्याकडे बघायला लागले. मी दहा पावलं जाऊन वळून बघितलं, तर पाठमोऱ्या त्या माणसाकडे बघून कुणाला वाटलं असतं, कुणाची तरी वाट बघतोय. चौदा वर्षं तो माणूस असाच दिसतो, फक्त रोज दुकानात बसलेला असतो म्हणून कळत नाही.

दाराशी मी देवाचं नाव घेतलं आणि वाजवलं. आतला मशीनचा आवाज थांबला. मी म्हटलं, "उस्ताद, मी आहे. एकटी आहे."

दार उघडलं. कुबडी काखेत, केस पार पांढरे. खोलीत टेबलभर मशीनचे सुटे भाग, डब्यांवर चिठ्ठ्या: 'सुया', 'बॉबिन', 'किरकोळ'. तेच अक्षर. मला एकदम घरी आल्यासारखं झालं आणि मग फार वाईट वाटलं.

"वहिनी, बसा," ते म्हणाले. "मशीन बिघडली?"

"नाही. हे आणलंय. तुमच्या मुलीसाठी."

त्यांनी पोतं टेबलावर रिकामं केलं. ठोकळा हातात घेऊन तोलला. पट्ट्याचं टोक उजेडात धरलं आणि फासाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, अगदी भाऊजी फिरवतात तसाच.

"त्याने पाठवलं."

"हो."

"पोर काल घरी येऊन चिडचिड करत होती. एक खडूस म्हातारा आहे म्हणाली, पट्टा देत नाही. मी विचारलं कुठे, तर दुकान सांगितलं." त्यांनी पट्टा खाली ठेवला. "तिला मी काहीच सांगितलेलं नाही. तेव्हा ती फार लहान होती."

"त्यांना वाटतं तुमचा राग अजून गेलेला नाही," मी म्हटलं. "उतरून बघितलं नाही म्हणून."

उस्ताद बराच वेळ त्या ठोकळ्यातल्या पिनेशी चाळा करत राहिले. काढत होते, घालत होते.

"माझा राग? वहिनी, जीपचा गोळा काढून पट्टा त्या नळीत, आतल्या पिनेला बांधायचा होता. त्या दिवशी पिन गंजून बसली होती. निघत नव्हती. तेल घालून, ठोकून दहा मिनिटं लागली असती. ऊन डोक्यावर होतं, मला कंटाळा आला, मी दिला फास गोळ्यावर टाकून. त्याने विचारलं बांधलं का, मी म्हटलं बांधलं. कुठे ते सांगितलं नाही."

मी रिकाम्या पोत्याची घडी घालत राहिले.

"मग तो इस्पितळात येऊन रडायला लागला. माझं चुकलं, मी उतरून बघितलं नाही, म्हणून. आणि मला ते बरं वाटलं हो. पाय गेलेला, निदान चूक तरी दुसऱ्याची होती. वाटलं, आठ दिवसांनी सांगू. मग महिना गेला. मग तो दाराशी यायचा तेव्हा कुठल्या तोंडाने उघडू? वर्षं गेली. आता काय सांगणार?"

"हेच. जसं मला सांगितलंत."

"तुम्ही सांगू नका," ते पटकन म्हणाले. "शपथ आहे तुम्हाला. सांगायचं तर मी सांगेन."

"मग सांगा."

ते मशीनकडे वळले. मी उठले.

पुलावर भाऊजी तिथेच होते. "उघडलं?"

"उघडलं."

"काही बोलला?"

देव मला क्षमा करो. "पट्टा ठेवून घेतला," मी म्हटलं.

"शिवण बघितली?"

"बघितली. अंगठ्याने."

भाऊजींनी मान डोलावली. परत येताना खांद्यावर काही नव्हतं तरी ते एका बाजूला झुकून चालत होते.

पुढचे आठ दिवस माझ्या वहीत तीन ओळी कशा लिहिल्या ते मलाच माहीत. दुसऱ्याची कबुली पोटात ठेवणं म्हणजे उकळतं भांडं कापडाशिवाय धरणं. डबा घेऊन खाली जायचे, ते 'वहिनी, आज मीठ कमी आहे' म्हणायचे, आणि मला वाटायचं, मी आत्ता बोलते की मग बोलते. पण ते वाक्य माझं नव्हतं. मी चौदा वर्षं देवाकडे जे मागत होते ते मीच बोलून टाकलं तर देवाने काय करायचं? रोज सकाळी शेवटची ओळ लिहायचे आणि पेन दाबून धरायचे.

भाऊजी रोज विचारायचे, "शनिवारी जाणार म्हणाली होती ना?" जणू मी विसरेन.

शनिवारी सकाळी साडेसातला दुकानापुढे गाडी थांबली. मी जिन्यात होते. मुलगी उतरली, थोडी अवघडलेली. पुढच्या सीटवर, खिडकीची काच खाली करून, उस्ताद बसले होते. समोर बघत होते. उतरले नाहीत.

मुलगी म्हणाली, "काका, बाबा म्हणाले जायच्या आधी तुम्हाला गाडी दाखवायची. मागून."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी खिडकीकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते सरळ गाडीच्या मागे गेले आणि नेहमीसारखे उकिडवे बसले. गोळा नव्हता. नळीत ठोकळा, ठोकळ्यात पिन, तोंडाशी शॅकल. भाऊजींना ते दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं. सगळ्यांना विचारतात तसंच, त्याच आवाजात.

"बांधणार कुठे?"

मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढून आवाज आला. समोर बघतच ते बोलत होते.

"गोळा मी काढलाय. पिन निघत नव्हती. दहा मिनिटं लागली. तेव्हाही दहाच लागली असती."

मुलगी एकदा पुढे बघत होती, एकदा मागे. तिला काही कळलं नाही. भाऊजींचे हात गुडघ्यांवर होते. ते इतका वेळ तसेच राहिले की मला वाटलं खाली जाऊन धरावं लागतंय.

मग ते म्हणाले, "तेल घातलं होतंस?"

"घातलं."

भाऊजींनी हात पुढे केला, शॅकलची पिन चाचपली आणि पाव आटा मागे घेतली. उठले. मुलीला म्हणाले, "माणसं बाजूला उभी करायची. पट्ट्याच्या रेषेत कुणी नको. वाळू पिशवीत भरायला विसरू नकोस. जा आता."

गाडी गेली. पहिलं वळण, मग दुसरं. भाऊजी रस्त्यातच उभे होते. मी खाली जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं."

"हो. मागच्या शुक्रवारपासून."

"बरं केलंत, नाही सांगितलंत." मग वळणाकडे बघत म्हणाले, "पण मी उतरलो असतो तर मला दिसलं असतं. ना?"

हे मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत विचारून बघितलं. अजून विचारते आहे.

त्यानंतर उस्ताद आले नाहीत. भाऊजीही पूल ओलांडून गेले नाहीत. मला वाटलं होतं आता दोघे पूर्वीसारखे दुकानात बसतील, एक बोलेल, एक ऐकेल. पण चौदा वर्षं माणसं वेगवेगळ्या खोल्यांत जेवली की त्यांना तशीच सवय होते बहुतेक. मी देवाकडे एक वाक्य मागितलं होतं. त्याने मोजून पाच दिली. मागतानाच मी कमी मागितलं की काय, असं आता रात्रंदिवस मनात येतं, आणि वहीची शेवटची ओळ काही दिवस कोरीच राहते.

भाऊजी अजून चार प्रश्न विचारतात. गोळा अजून ठेवत नाहीत. एकच फरक मला दिसला. 'किरकोळ' लिहिलेल्या खणाची चिठ्ठी फार पुसट झाली आहे आणि त्यांनी ती अजून गिरवलेली नाही.

मुलगी महिन्या-दीड महिन्याने पट्टा तपासायला आणून टाकते. म्हणते, "काका, दोनदा रुतले, दोनदा निघाले." भाऊजी तो तीनदा खळबळतात, चाचपतात, सावलीच्या दोरीवर टाकतात. बाकीचे पट्टे वाळले की ते लगेच गुंडाळून आत नेतात. हा मात्र वाळला तरी तिथेच असतो. संध्याकाळी मी माझ्या चादरी काढून वर येते, आणि अंगणात तो एकटा लटकत राहतो. भाऊजी दुकान बंद करताना एकदा बाहेर येतात, फासाच्या शिवणीवरून अंगठा फिरवतात, आणि अजून ओला आहे म्हणतात.